वर नदी, आत महाल



ढोकीहून निघा.
धाराशिव, तुळजापूर करत नळदुर्ग गाठा.

तिथं बोरी नदीवर एक दगडी बांध आहे.
दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला.
म्हणजे सुमारे 400 वर्षांपूर्वीचा.

बांध कसला, पूलच तो!
नळदुर्ग आणि रणमंडळ,
हे दोन्ही किल्ले त्यानंच जोडलेत.

आणि त्याच्या पोटात चक्क महाल आहे.
पाणीमहाल.

पावसाळ्यात नदी बांधावरून कोसळते.
आपण आत, सज्जात उभे.
ऐकलंत ना?
वर नदी, आत महाल!

कोसळणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात.

आणि किल्ला कुणाचा?
जुनी माणसं सांगतात, नळराजाचा.
हो, दमयंतीच्या नळाचा!

बांधकाम आदिलशाही.
गाव मात्र नाव नळाचंच लावतं.

जायचं तर बोरीला भरपूर पाणी असताना जा.