स्थानकाभोवतीची जमीन कोणाची?

पुणे–नाशिक लोहमार्ग संगमनेरवरून जावा की शिर्डीवरून, यावर अहिल्यानगर जिल्ह्यात पुष्कळ वाद झाला. स्थानकाभोवतीच्या जमिनीची भाववाढ कोणाच्या पदरात पडणार, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

नवी मुंबईत सिडकोने जमिनीच्या उत्पन्नातून लोहमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार उचलला. १९९२ साली वाशीपर्यंत गाडी धावली. परंतु ती जमीन मुळात शेतकऱ्यांची होती. विकसित भूखंडांतील साडेबारा टक्के वाटा त्यांना मिळण्याआधी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील १९८४च्या लढ्यात पाच जणांना हुतात्मा व्हावे लागले. संगमनेरच्या बागाइतदाराने असा वाटा भूसंपादनापूर्वीच लेखी मागावा. मजुराचाही त्यात हक्क असावा. त्याच्यापाशी तर सातबाराही नाही. उरलेली जमीन शासनाने विकू नये, भाडेपट्ट्यानेच द्यावी.