कात्री भाड्याला की भाकरीला?

भाड्याच्या घरांचा विषय निघाला की मुंबईकराच्या तोंडी पागडी येते, चाळ येते आणि १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा येतो. त्या कायद्याने जुन्या घरांचं भाडं १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं, मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरवली आणि जिने खचत गेले, हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. लंडनने त्याच दुखण्यावर नेमका उलटा इलाज केला. १९८८ च्या कायद्याने तिथल्या नव्या खासगी भाडेकरारांवरचं नियंत्रण उठलं, आणि त्यानंतर पाव शतकाने सरकारने मर्यादा घातली ती भाडेकरूच्या हातात पडणाऱ्या मदतीवर. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या मर्यादेबद्दल. तिकडे तिला ‘बेनिफिट कॅप’ म्हणतात.

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ही कल्पना मांडली. काम न करणाऱ्या कुटुंबाला सरकारकडून मिळणारी रक्कम काम करणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या कमाईपेक्षा जास्त असू नये, हे तिचं सूत्र. एप्रिल २०१३ मध्ये लंडनच्या ब्रॉम्ली, क्रॉयडन, एनफिल्ड आणि हॅरिंगे या चार बरोंपासून, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या विभागांपासून, सुरुवात झाली आणि त्याच वर्षी ती देशभर लागू झाली. कुटुंबासाठी आकडा ठरला वर्षाला २६,००० पौंड. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो लंडनसाठी २३,००० आणि बाहेर २०,००० वर उतरवला. त्यानंतर सहा वर्षं त्याला हात लागला नाही. एप्रिल २०२३ मध्ये महागाईच्या मानाने वाढ झाली आणि लंडनचा आकडा २५,३२३ पौंड झाला. म्हणजे दहा वर्षांच्या महागाईनंतरही मर्यादा सुरुवातीच्या आकड्याच्या खालीच राहिली.

आता या रकमेत काय काय बसवायचं ते पाहू. वर्षाचे २५,३२३ म्हणजे महिन्याला साधारण २,११० पौंड. २०२५ मध्ये लंडनमधलं सरासरी खासगी भाडं महिना २,२०० पौंडांच्या वर होतं. सरासरीत श्रीमंतांची घरंही येतात, हे खरं. म्हणून आपण गरिबांच्या वस्तीतलं, महिना १,६०० पौंडांचं घर धरू. उरले ५१०. आई आणि तीन मुलं असतील तर माणशी दिवसाला सव्वाचार पौंड, आणि त्यातच जेवण, वीज, गॅस, बस, शाळेचे बूट. इथे मुख्य मुद्दा लक्षात येतो. कपात कागदावर एकूण मदतीतून होते, पण घरमालक भाड्यातला एक पेनीही सोडत नाही, त्यामुळे कात्री चालते ती भाकरीवर. आणि भाड्याच्या मदतीला आधीच स्वतंत्र मर्यादा आहे! ‘लोकल हाउसिंग अलाउन्स’ नावाचा हा घरभाडे भत्ता २०११ पर्यंत त्या भागातल्या मधल्या भाड्याइतका असे. त्यानंतर तो खालून तिसाव्या टक्क्यावर आणला, म्हणजे दहा घरांतली सात घरं त्याच्या आवाक्याबाहेर गेली. मधली कित्येक वर्षं तर तो गोठवलेलाच होता. या झाकणावर बेनिफिट कॅपचं दुसरं झाकण बसलं. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने घरभाडे भत्ता वाढवला, पण वरची मर्यादा जागेवरच ठेवली. परिणाम असा की मर्यादेत अडकलेल्या कुटुंबांची संख्या काही महिन्यांतच उसळून लाखाच्या वर गेली. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सहज सापडणार नाही.

ही अडचण नवी नाही. १९४२ च्या ज्या अहवालावर ब्रिटनची कल्याणकारी व्यवस्था उभी राहिली, त्यात विल्यम बेव्हरिज यांनी भाड्याचा प्रश्न वेगळा काढून त्यावर बरीच डोकेफोड केली होती. पावाची किंमत गावोगाव साधारण सारखी असते, भाडं मात्र गल्ली बदलली की बदलतं. मग सगळ्यांना सारखी रक्कम द्यायची कशी? शेवटी त्यांनी आठवड्याला सरासरी दहा शिलिंग धरून वेळ मारून नेली. बेव्हरिज यांना जे सुटलं नाही, ते ऑस्बोर्न यांनी एका आकड्यात सुटल्याचं जाहीर केलं.

या धोरणाच्या बाजूचे युक्तिवाद सरसकट झटकण्यासारखे नाहीत. पहिला न्यायाचा: पहाटे उठून कामाला जाणाऱ्या कारागिराला मध्य लंडनमध्ये घर परवडत नाही, मग त्याच्या करातून दुसऱ्याला तिथे का ठेवायचं? ऐकताना पटतं. पण तुलनेच्या दोन बाजूंची मापं वेगळी आहेत. एका बाजूला बेकार कुटुंबाची सगळी मदत मोजली आणि दुसऱ्या बाजूला कामकरी कुटुंबाचा नुसता पगार. त्याच पगाराच्या, तेवढ्याच मुलांच्या घराला चाइल्ड बेनिफिट ही मुलांसाठीची मदत आणि बऱ्याचदा घरभाड्याची मदतही मिळते, ती तराजूत घातलीच नाही. जानेवारी २०१२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बिशपांनी निदान चाइल्ड बेनिफिट मर्यादेतून वगळावा अशी दुरुस्ती मंजूर करून घेतली होती. कॉमन्सने ती उडवली.

दुसरा युक्तिवाद बाजाराचा: मदत आखडली की मालक भाडी उतरवतील. घरभाडे भत्त्यातल्या २०११ च्या कपातीनंतर इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेच्या अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं. कपातीचा सुमारे नऊ दशांश भार भाडेकरूंवर पडला होता. यात नवल नाही. एका खोलीसाठी रांग लागलेली असेल तर मालक भाडं कशाला उतरवील? त्या रांगेत व्हिसावर गेलेली आपली मराठी मुलंमुलीही असतात. त्यांच्या व्हिसावर सरकारी मदतीचा हक्क नसल्याची अट असते, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न त्यांना थेट शिवत नाही, पण वेम्बली-हॅरोच्या घरांसाठी घासाघीस सगळ्यांची एकच.

मग स्वस्त गावी जावं, असं म्हणतात. लंडनबाहेर मर्यादा २२,०२० पौंड आहे. स्थलांतर केलं की भाडं उतरतं आणि त्याबरोबर वर्षाचे ३,३०० पौंडही जातात. शिवाय मूल सांभाळणारी आजी, ओळखीची शाळा, अर्धवेळ कामाची आशा, हे सगळं मागे राहतं. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर लंडनच्या वेस्टमिन्स्टर बरोचं एक प्रकरण आलं होतं. बेघर झालेल्या कुटुंबाला कौन्सिलने पन्नासेक मैलांवर मिल्टन कीन्सजवळ घर देऊ केलं होतं. एवढ्या लांब का, याचं कारण कौन्सिलने दाखवायला हवं होतं, असं न्यायालयाने एकमताने म्हटलं.

सर्वांत वजनदार युक्तिवाद कामाचा. ठरावीक कमाई झाली की मर्यादा उठते, त्यामुळे माणूस कामाला लागतो, असं सरकार सांगतं. सरकारी मूल्यमापनात मर्यादा लागलेले लोक इतरांपेक्षा ४१ टक्के अधिक प्रमाणात कामाला लागल्याचं दिसलं, हे मान्य केलं पाहिजे. पण मुळातलं प्रमाणच लहान होतं. त्याच इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने याकडे बोट दाखवलं की, मर्यादेत आलेल्या बहुसंख्यांनी कामही मिळवलं नाही आणि घरही बदललं नाही. ते आहेत तिथेच राहिले, अधिक गरीब होऊन. यांत एकट्याने मुलं वाढवणाऱ्या आया मोठ्या संख्येने आहेत. तान्ह्या मुलाच्या आईने काम शोधलंच पाहिजे असं सरकारचे स्वतःचे नियमही म्हणत नाहीत, तरी मर्यादा तिला लागू. २०१९ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पाच विरुद्ध दोन मतांनी सरकारच्या बाजूने सुटला. धोरण कायदेशीर ठरलं. शहाणपणाचं आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हताच.

तिजोरीचं म्हणाल, तर वाचलेला पैसा दुसऱ्या दाराने बाहेर जातो. भाडं थकलं की घर जातं, आणि बेघर कुटुंबाला निवारा देणं कायद्याने स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे. मग येतो तात्पुरता निवारा, आपल्याकडच्या संक्रमण शिबिराचा सख्खा भाऊ, तसाच वर्षानुवर्षं टिकणारा. लंडनच्या बरोंच्या संघटनेच्या २०२४ मधल्या हिशेबानुसार दर पन्नास लंडनकरांमागे एक जण अशा निवाऱ्यात होता आणि त्यावर बरोंचा रोजचा खर्च चाळीस लाख पौंड होता. याला कॅप हे एकच कारण नाही, घरांचा तुटवडा त्याहून मोठा आहे. पण केंद्राची बचत कौन्सिलच्या वहीत खर्च म्हणून उमटते, हे दिसतंच. या निवाऱ्यासाठी केंद्राचं अनुदान अजूनही २०११ च्या भाड्यांवर बेतलेलं आहे.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी फक्त दोन मुलांपुरतीच मदत देणारी अट एप्रिल २०२६ पासून काढत असल्याचं जाहीर केलं. त्याचं स्वागत झालं, आणि ते रास्तही होतं. बेनिफिट कॅप मात्र तशीच ठेवली. त्यामुळे लंडनमध्ये महागडं भाडं भरून आधीच मर्यादेला टेकलेल्या घरात तिसऱ्या मुलाचे पैसे मंजूर होतील आणि त्याच महिन्यात वरच्या वर कापलेही जातील. भाड्याला एक मर्यादा आहेच, ती पुरेशी आहे. भाडं या दुसऱ्या मर्यादेतून बाहेर काढलं, तर ते पैसे त्या मुलापर्यंत पोहोचतील.