वचनाचा नित्यपाठ

सोलापुराहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडाच्या पुढें, केडगांव हें लहानसें स्थानक लागतें. येथील मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्याकरितां हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा त्यांनीं अभ्यास केला. मराठींत नवा करार १८११ सालींच बंगालमधील श्रीरामपुरास छापला गेला होता. पुढें इतरही भाषांतरें झालीं. परंतु त्यांतील संस्कृतप्रचुर शब्द अल्पशिक्षित स्त्रियांस उमगत नसत. आणि जें वचन उमगत नाहीं, त्यावर विश्वास तरी कसा बसावा? म्हणून रमाबाईंनीं साधे, घरगुती शब्द योजिले. खिळे जुळविले तेही सदनांतील स्त्रियांनींच. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

श्रोतेहो, नित्यवाचनाचें मर्म हेंच आहे. देववचनावरील विश्वास एका दिवसांत उपजत नाहीं. त्या भाषांतराप्रमाणें तो ओळीओळीनें वाढतो. थोडें वाचावें, पण रोज वाचावें. जें उमगलें त्याचें मनन करावें, आणि दुःखाच्या दिवशींही पाठ चुकूं देऊं नये.