सांभाळणाऱ्यांच्या मजुरीचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पिकाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. कृषिमूल्य आयोगही ती धरतो. दर किती लावायचा एवढाच वाद आहे. मग त्याच घरात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची कूस बदलणारी, रात्रीतून तीनदा उठणारी सून आहे. तिची मजुरी कोणत्या खात्यात मांडली? कुठल्याच नाही.

गावात विचारलं की उत्तर येतं, ‘म्हाताऱ्याला पोरगा सांभाळतो.’ जरा नीट मोजून पाहू. सातबारा पोराच्या नावावर, हात सुनेचे. सासरहून येऊन आठ दिवस राहणारी लेक. भाकरी झाकून ठेवणारी शेजारीण. रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण देणारी आशाताई. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. मातीत झिजलेला अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही, तेव्हा सोबत जाणारा नातू. एस.टी.त हात धरून चढवणारा कंडक्टर. एवढी माणसं मिळून एक म्हातारा जगतो.

सरकारचा वाटा किती? श्रावणबाळ योजनेत २०२३ साली महिन्याला १५०० रुपये झाले. म्हणजे दिवसाला ५०. यात औषध तरी भागतं का? सांभाळणाराची मजुरी तर लांबच.

२००७ च्या कायद्याने आईबापांना पोटगी मागता येते. अर्ज प्रांताकडे करायचा, मर्यादा महिन्याला १०,००० रुपयांची. याच कायद्याचं २३ वं कलम लक्षात ठेवा. जमीन बक्षीसपत्राने देताना ‘सांभाळ करीन’ ही अट लिहून घ्या. अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर दाद मिळणं अवघड, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे.

पण कायदा पैसे मिळवून देईल, कूस बदलायला येणार नाही. म्हणून गावोगाव दोन कामं करू. एक, एकट्या म्हाताऱ्या माणसांची यादी, आणि प्रत्येकापुढे त्याला सांभाळणारांची नावं. जिथे एकच नाव असेल तिथे दुसरं जोडायचं, आणि ते पुरुषाचं. दोन, वाटणीला बसाल तेव्हा सांभाळणाऱ्या सुनेचा, लेकीचा हिस्सा आधी बोला.

घामाचे दाम मागणाऱ्यांनी घरातला घाम फुकट धरू नये. एवढंच सांगायचं होतं.