अर्व्हिंग बॅबिट आणि अंतर्निग्रहाचा विचार

हार्वर्ड विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवणारे समीक्षक अर्व्हिंग बॅबिट (१८६५–१९३३) यांनी पॉल एल्मर मोर यांच्यासमवेत अमेरिकेत ‘नवमानवतावाद’ ही परंपरानिष्ठ विचारसरणी मांडली. साहित्याच्या मूल्यमापनातून नीतीचा प्रश्न वगळता येत नाही, हा तिचा गाभा होता. माणूस मुळात चांगला असून समाजरचनाच त्याला बिघडवते, या रूसोप्रणीत धारणेमुळे दोषाचे खापर बाहेरच्या व्यवस्थेवर फोडले जाते आणि स्वतःच्या वासनांशी करावयाचा झगडा मागे पडतो, असे प्रतिपादन त्यांनी ‘रूसो अँड रोमँटिसिझम’ (१९१९) या ग्रंथात केले. उसळलेली ऊर्मी कृतीत उतरण्यापूर्वी तिला थोपवणाऱ्या संकल्पशक्तीला अंतर्निग्रह म्हणता येईल, आणि बॅबिट यांच्या नीतिविचाराचा सारा भार याच कल्पनेवर आहे. तिचा आधार त्यांनी केवळ ग्रीक अभिजात परंपरेत शोधला नाही, ही बाब विशेष मोलाची होय. पॅरिसमध्ये सिल्व्हाँ लेव्ही यांच्याकडे प्राच्यविद्येचे अध्ययन केलेल्या बॅबिट यांनी ‘धम्मपदा’चे इंग्रजी भाषांतर केले, ते १९३६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले, आणि बुद्धाने उपदेशिलेल्या अप्पमादात, म्हणजे अखंड सावधानतेत, त्यांना आपल्याच भूमिकेची पुष्टी दिसली.

त्यांचे विद्यार्थी टी. एस. एलियट यांनी मात्र धर्माच्या अधिष्ठानावाचून असा निग्रह टिकेल काय, हा प्रश्न उपस्थित केला. त्याहून मोठी उणीव समकालीन कादंबरीविषयीच्या अनास्थेत आढळते: थिओडोर ड्रायझर यांच्या ‘ॲन अमेरिकन ट्रॅजेडी’त खरी शोकात्मता नाही, असा निर्णय देताना, नायकाला घडवणाऱ्या दारिद्र्याकडे बॅबिट यांनी पुरेशा सहृदयतेने पाहिले नाही.