परमुलखातील कामकरी आणि अरब राष्ट्रांचे सहकार्य



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो बोनस, महागाईभत्ता आणि टाळेबंदी यांपलीकडे जाणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही आपणांस समुद्रापलीकडे नेणार आहोत. एका अरब देशाचा माणूस पोटासाठी दुसऱ्या अरब देशात जातो. त्याच्या बाबतीत या देशांनी आपसांत कोणते सहकार्य ठरविले, आणि ते ऐन वेळी त्याच्या उपयोगी का पडले नाही, हा आजचा विषय आहे. आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. फाटकावर शिकलेली एक गोष्ट मात्र येथे उपयोगी पडेल. करारात काय लिहिले आहे हे तर पाहावेच. पण ज्या दिवशी भांडण होईल त्या दिवशी तो करार कोणाला दाखविता येईल, हे त्याआधी पाहावे.

विषय आपणांस परका नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कित्येक घरांची चूल आखातातून येणाऱ्या पैशावर पेटते. आखाताच्या सहा राष्ट्रांत मिळून आज सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. पण आपला माणूस तेथे एवढ्या संख्येने पोचण्यापूर्वी त्याच्या जागी बहुतांशी अरब कामकरीच होता. तो का हटला, हे कळल्यावाचून आपल्या माणसाच्या पायाखालची जमीन किती भक्कम आहे हे कळावयाचे नाही.

प्रथम या ये-जा करण्यामागचे कारण पाहू. अरब लीगमध्ये आज २२ राष्ट्रे आहेत. ग्रंथांची भाषा एक, बहुसंख्यांचा धर्म एक; पण निसर्गाने वाटणी मात्र विषम केली. इजिप्त, येमेन, सुदान, जॉर्डन येथे हात पुष्कळ आणि तेल थोडे किंवा मुळीच नाही. कुवेत, कतार, अबूधाबी येथे तेल अपार आणि माणसे थोडी. १९७३ च्या ऑक्टोबरातील युद्धानंतर काही महिन्यांतच तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरांवरून सुमारे १२ डॉलरांवर गेला. आखातात रस्ते, बंदरे, रुग्णालये आणि शाळा यांची एकच घाई उडाली. येमेनचा गवंडी, इजिप्तचा शिक्षक, पॅलेस्टिनी इंजिनीयर आणि कारकून यांनी ती राष्ट्रे उभी केली. १९७५ च्या सुमारास आखातातील परदेशी रहिवाशांत दहापैकी सात अरब होते. इजिप्तने तर १९७१ च्या राज्यघटनेत परदेशी स्थलांतर करण्याचा नागरिकांचा हक्कच लिहून ठेवला.

आता कागद पाहू. कागदांची वाण नव्हती. अरब लीगची स्थापना १९४५ साली कैरो येथे झाली. १९५७ साली आर्थिक ऐक्याचा करार झाला. त्यात माणसांना आणि भांडवलाला मोकळेपणी फिरण्याचे, राहण्याचे आणि काम करण्याचे स्वातंत्र्य कबूल केले होते. १९६५ साली कासाब्लांका येथे पॅलेस्टिनी निर्वासितांना यजमान देशाच्या नागरिकांप्रमाणे काम करू द्यावे असे ठरले. काही राष्ट्रांनी आपल्या अटी राखून त्यास मान्यता दिली. अरब कामगार संघटनेने सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही पक्षांना आपल्या बैठकीत जागा दिली. कामगारांच्या ये-जा करण्यासंबंधी १९६७ साली झालेला करार १९७५ साली सुधारण्यात आला. १९८१ साली तर दुसऱ्या अरब देशात गेलेल्या कामगाराच्या सामाजिक विम्याचाही करार झाला. वाचावयास बसले तर आमच्यासारख्याच्या डोळ्यांत पाणी यावे, इतकी यांतील कलमे चांगली आहेत. पण सह्या करणारे थोडे, आणि सही करून अंमल करणारे त्याहून थोडे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी गत.

मग भांडणाचे दिवस आले. १९७५ साली पश्चिम सहाराच्या प्रश्नावरून अल्जीरिया आणि मोरोक्को यांचे बिनसले, आणि त्या डिसेंबरात अल्जीरियाने पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या हजारो मोरोक्कन कुटुंबांना सरहद्दीपार केले. १९८५ साली लिबियाने सुमारे ३० हजार ट्यूनिशियन कामगार हाकलले. १९८९ च्या फेब्रुवारीत मोरोक्को, अल्जीरिया, ट्यूनिशिया, लिबिया आणि मॉरिटानिया यांनी मगरीब संघ स्थापला आणि माणसांच्या मुक्त संचाराचे वचन दिले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९४ साली, मोरोक्को-अल्जीरिया यांची जमिनीवरची सरहद्द बंद झाली. ती अद्याप उघडलेली नाही.

पण खरी कसोटी लागली ती १९९० साली, आणि तेथे आपण थोडे थांबले पाहिजे.

सौदी अरेबियात येमेनी माणसाला त्या वेळपर्यंत एक मोठी सवलत होती. इतर परदेशी माणसाला तेथे कफील लागत असे. कफील म्हणजे जामीन राहणारा स्थानिक माणूस. येमेनी माणसाला तो लागत नसे. तो सरहद्द ओलांडून यावा, मजुरी करावी, दुकान थाटावे, असे दोन पिढ्या चालले होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावले. येमेनच्या सरकारने सौदीची बाजू उचलून धरली नाही. सप्टेंबरात सौदीने ती सवलत काढून घेतली: थोड्या आठवड्यांत कफील मिळवा, नाहीतर देश सोडा. पुढे नोव्हेंबरात सुरक्षा समितीत बळाचा वापर करण्याचा ठराव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणारी राष्ट्रे दोनच होती, क्यूबा आणि येमेन. काही महिन्यांत सात ते दहा लाख येमेनी माणसे मिळेल त्या किमतीला दुकान आणि सामान विकून मायदेशी परतली. होदेदा शहराच्या कडेला त्यांच्या झोपड्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. ज्या देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग त्याच वर्षी मे महिन्यात एक झाले होते, त्याच्या गळ्यात पहिल्याच वर्षी हे संकट पडले.

आता आम्ही विचारतो, या गवंड्यांनी कोणता ठराव केला होता? मत त्यांच्या सरकारने दिले, आणि त्याचा दंड त्यांच्या मजुरीतून कापला गेला.

कुवेतमध्ये त्या वेळी सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. कित्येकांचा जन्म तेथलाच. त्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांनी इराककडे झुकते माप दिले असा ठपका आला, आणि कुवेत मुक्त झाल्यावर त्यांतील काही दहा हजारच तेथे उरले. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते असे. १९९५ साली पुन्हा तोच प्रकार झाला. इस्रायलशी झालेल्या तडजोडीचा निषेध म्हणून लिबियाने पॅलेस्टिनींना घालविले, आणि कित्येक कुटुंबे इजिप्तच्या सरहद्दीवर वाळवंटात महिनोन् महिने तंबूंत पडून राहिली. तडजोड पुढाऱ्यांची, तंबू मास्तरांचा आणि मिस्त्र्यांचा.

कोणी म्हणेल, हा राजकारणाचा अपघात आहे, रचनेचा दोष नव्हे. आम्हांस तसे वाटत नाही. अपघात एकदा होतो. येथे तो वीस वर्षांत चार देशांत झाला. दोष रचनेतच आहे, आणि तो पाहण्यासाठी कफील या माणसाकडे नीट पाहिले पाहिजे. परदेशी कामगाराचे त्या देशातले राहणे या माणसाच्या नावावर असते. नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला. मालक, जामीन आणि सरहद्दीवरचा शिपाई ही तिन्ही माणसे एकच असतील, तर पगार थकला म्हणून तक्रार कोण करील? आपल्याकडे कंत्राटी कामगाराची अवस्था आपण पाहतो. पण त्याला कंत्राटदाराने काढले तरी तो या देशात राहू शकतो. त्याला कोणी विमानात बसवून देत नाही.

राज्यकर्त्यांना ही रचना का हवी होती, याचेही उत्तर इतिहासात आहे. १९५३ साली सौदी अरेबियाच्या पूर्व भागात अराम्को या तेलकंपनीच्या सुमारे १३ हजार कामगारांनी संप केला. १९५६ साली पुन्हा गडबड झाली, आणि शाही फर्मानाने संप बेकायदा ठरला. अरब कामगार नुसते हात घेऊन येत नव्हता. कैरोची वर्तमानपत्रे, नासरची भाषणे आणि पॅलेस्टाईनची जखम घेऊन येत होता. आपलीच भाषा बोलणारा पाहुणा घरातल्या माणसांशीही बोलतो, ही भीती होती. म्हणून पुढे भारत, पाकिस्तान, फिलिपीन्स, बांगलादेश येथून माणसे आणणे सोयीचे वाटू लागले. ती स्वस्त होती, आणि स्थानिक राजकारणात मुकी होती. शतक संपताना आखाती परदेशीयांत अरब माणसाचा वाटा तिघांत एकापेक्षा कमी झाला होता. मंडळी, आपल्या कोकणातल्या माणसाला जी जागा मिळाली, तिचा अर्थ आपण समजून घ्यावा. ती जागा दुसऱ्याचे तोंड नको म्हणून रिकामी झाली होती.

मग सहकार्य झालेच नाही काय? झाले. १९८१ साली सहा आखाती राष्ट्रांनी आपली सहकार परिषद स्थापिली. त्यांचा नागरिक ओळखपत्रावर या देशातून त्या देशात जातो, नोकरी करतो आणि त्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी त्याच्या मागोमाग जाते. म्हणजे १९८१ च्या त्या अरब कराराने सर्वांसाठी जे मागितले होते, ते या सहांनी आपल्या माणसांपुरते करून दाखविले. अशक्य म्हणून ते राहिले नव्हते, हे येथे सिद्ध होते. पण तेथेही रोग सुटला नाही. २०१७ च्या जूनमध्ये सौदी, अमिरात आणि बहरीन यांनी कतारशी संबंध तोडले आणि कतारच्या नागरिकांना चौदा दिवसांत निघून जाण्यास सांगितले. नवरा एका देशाचा आणि बायको दुसऱ्या देशाची अशी कुटुंबे फुटली. २०२१ च्या जानेवारीत समेट झाला. श्रीमंत नागरिकांचे हे झाले. गवंड्याचे काय होत असेल याची कल्पना करावी.

अलीकडे बैठकी पुष्कळ होतात. २००८ साली अबूधाबी येथे आशियातील कामगार पाठविणारी आणि आखाती राष्ट्रे एकत्र बसली. भारतही त्यांत होता. २०१८ साली माराकेशला जगाचा स्थलांतरविषयक करार संमत झाला. आम्ही बैठकींना हसत नाही. बोलणी थांबली की काय होते हे फाटकावर आम्ही पाहिले आहे. पण नुसत्या सरकारांच्या बैठकीने कायदा हलल्याचे थोडेच आढळते. कतारचे उदाहरण घ्या. २०१४ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या परिषदेत कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. तेथे विश्वचषकाचे सामने व्हावयाचे होते, जगाचे लक्ष होते. २०१७ साली तडजोड झाली, आणि २०२० साली मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची मुभा व किमान वेतन यांचे कायदे झाले. अंमलबजावणीत उणीव आहे, हे तेथले कामगारच सांगतात. पण कायदा हलला, तो कामगारांच्या नावाने तक्रार झाली म्हणून.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. कुवेतच्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली एक भरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून ठरावीक भाग त्याच्या हाती दिला. इराक किंवा कुवेत सोडून पळावे लागलेल्या एकट्या माणसास २,५०० डॉलर आणि कुटुंबास ५,००० डॉलर, अशी ठोक रक्कम ठरली. आठ लाखांहून अधिक दावे मंजूर झाले. त्यांत इजिप्तचे, जॉर्डनचे होते, आणि विमानांनी अम्मानहून मुंबईस आणलेल्या आपल्या माणसांचेही होते. मात्र दावा सरकारमार्फत करावयाचा असल्याने ज्यांना सरकारच नव्हते त्या पॅलेस्टिनींसाठी पुढे निराळी मुदत द्यावी लागली. आणि सौदीतून परतलेला येमेनी या ठोक रकमेच्या यादीत बसतच नव्हता. तरीही मजुराचे नुकसान मोजता येते, आणि पैसा त्याच्या हाती पोचविता येतो, एवढे सिद्ध झाले.

तेव्हा अरब राष्ट्रांच्या खऱ्या सहकार्याची परीक्षा आमच्या मते तीन प्रश्नांनी घ्यावी. सरकारांत वितुष्ट आले तर कामगारांना सरसकट हाकलता येणार नाही, असे बंधन आहे काय? देश सोडल्यावरही थकलेला पगार आणि विम्याची वर्गणी कामगाराला मागता येते काय? आणि हे मागण्यासाठी त्याला स्वतःची संघटना व सरकारांहून निराळी दाद मागण्याची जागा आहे काय? १९९० सालच्या डिसेंबरात, म्हणजे येमेनी माणसे रस्त्यावर होती त्याच हिवाळ्यात, संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार मंजूर केला. सामुदायिक हकालपट्टीस त्यात मनाई आहे. इजिप्त, मोरोक्को, अल्जीरिया यांनी तो स्वीकारला; ही माणसे पाठविणारी राष्ट्रे. आखाताच्या सहांपैकी एकानेही तो स्वीकारलेला नाही. आणि दुसऱ्याकडे बोट दाखविताना हेही सांगितले पाहिजे, की भारतानेही तो स्वीकारलेला नाही.

आपल्या गावातून कोणी आखातात निघाला, की आपण त्याला पगार किती, हा प्रश्न विचारतो. यापुढे आणखी एक विचारावा: तेथे भांडण झाले तर तुझ्या बाजूने कोणता कागद आहे, आणि तो कोणापुढे ठेवता येतो? हा प्रश्न घराघरांतून विचारला जाऊ लागला, तर उद्या तो आपल्या लोकप्रतिनिधींनाही टाळता येणार नाही. इजिप्तच्या शिक्षकाचा आणि येमेनच्या गवंड्याचा प्रश्नही तोच आहे, आणि आपल्या माणसाचे हित त्यांच्या हिताहून वेगळे नाही.