हिवतापाची गोळी आणि रक्तातील उणीव
(मोरवा येथील भाषणाचा सारांश)



व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप यकृतात दडून राहतो व पुन्हा उलटतो. त्याच्या समूळ उपचारासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. परंतु काहींच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते; या गोळ्यांनी त्या पेशी फुटू शकतात. ही उणीव १९५६ मध्ये शास्त्रज्ञांना उमगली. पुढे मुंबईच्या पारशी समाजातही ती आढळली. आईकडून मुलाकडे येत असल्याने ती पुरुषांत अधिक दिसते.

मोरवेकरांना सांगणे एवढेच : आपल्या मनाने गोळी घेऊ नका, सोडूही नका, आधी रक्त तपासून घ्या. मात्र लघवी काळपट झाली वा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिक्षकांनी हे घरोघरी पोहोचवावे.